फरमानीचं गाणं आणि बाकीच्यांचा गलका

२०२२च्या जुलैत फरमानी नाझचं ‘हर हर शंभू’ आलं, तेव्हा आपल्याकडे आषाढ चालू होता. उत्तरेत मात्र सावन लागला होता. त्यांचा महिना पौर्णिमेला पालटतो आणि आपला अमावास्येला, म्हणून श्रावण त्यांच्याकडे पंधरा दिवस आधी येतो. मुझफ्फरनगर हा फरमानीचा जिल्हा हरिद्वारहून गंगेचं पाणी घेऊन परतणाऱ्या कावडियांच्या वाटेवर आहे. त्या दिवसांत रस्त्याने हजारो माणसं चालत असतात, ट्रकवर रचलेले डीजे सोबत असतात आणि त्या भागात राहणाऱ्याच्या कानावर, मग तो हिंदू असो की मुसलमान, रात्रंदिवस शंकराची गाणी पडत असतात. तिथल्या एका गाणाऱ्या बाईने त्या हंगामात शंकराचं गाणं गायलं, यात मला तरी नवल वाटलं नाही. आपल्या गावांत गणपतीच्या मिरवणुकीत क्लॅरिओनेट आणि ताशा वाजवणाऱ्यांत कितीतरी आपलीच माणसं असतात. ती आरतीची चालही वाजवतात. घरी येऊन कपडे बदलतात आणि जेवतात. त्यावर कुणी चर्चासत्र भरवत नाही.

फरमानीवर मात्र ते भरलं, आणि आठवडाभर संपलं नाही.

ती कोण होती, हे आता बरेच जण विसरले असतील म्हणून थोडक्यात सांगते. ती घराण्यातली गायिका नव्हती. पाठीशी उस्ताद नाही, समोर तंबोरा नाही. लग्न झालं, मुलगा झाला, मुलाला जन्मापासून घशाचा आजार. सासरी पटलं नाही आणि ती मुलाला घेऊन माहेरी आली. हे सगळं तिनेच मुलाखतींमधून सांगितलेलं आहे, मी तिच्या चुलीपर्यंत जाऊन काही शोधून काढलेलं नाही. ती घरात गायची. आसपासच्या पोरांनी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकला आणि तो लोकांना आवडला. पुढे २०२०मध्ये ती ‘इंडियन आयडॉल’पर्यंत पोचली, पण मुलाच्या आजारपणामुळे तिला परतावं लागलं. घरी आल्यावर तिने पुन्हा तेच सुरू केलं. दुसऱ्यांची गाजलेली गाणी घ्यायची, आपल्या आवाजात म्हणायची आणि व्हिडिओ टाकायचा. आजच्या भाषेत कव्हर साँग. आवाज खुला, थोडा खरखरीत, लग्नघरातल्या ढोलकीच्या गाण्यांची आठवण करून देणारा. सूर कधी सरकायचा. ऐकणाऱ्यांचं त्याने काही बिघडलं नाही. तिचा एक हक्काचा श्रोतावर्ग तयार झाला आणि त्यातून घर चालू लागलं.

मराठीत आपण अशा माणसाला हौशी गायक म्हणतो. वर्गात हा शब्द आला की मी दोन मिनिटं थांबते. ‘हौस’ हा शब्द फारसीतल्या ‘हवस’वरून आला. उर्दूत आजही हवस म्हणजे हाव, लालसा, वासना. कुणाला हवसखोर म्हटलं तर मारामारी होईल. तोच शब्द मराठीत येऊन इतका निर्मळ झाला की आपण नातवंडांची हौस पुरवतो आणि डोहाळजेवण हौसेने करतो. दोन्ही भाषा शिकवणारीला असे शब्द सापडले की दिवस चांगला जातो. फरमानीच्या बाबतीत झालं ते उलटं. तिने हौसेने आणि पोटासाठी गाणं म्हटलं, आणि भोवतालच्या माणसांनी त्या गाण्यातून आपापली हवस भागवून घेतली.

आधी आपल्या घरातलं बोलते. देवबंदच्या एका मौलानांनी वाहिन्यांसमोर सांगितलं की इस्लाममध्ये गाणं-बजावणंच जायज नाही, तिने तौबा करावी. नीट ऐकलं तर त्यांचा आक्षेप एकूणच गाण्याला होता. पण बातम्यांच्या पट्टीवर तो ‘शिवभजन गायल्याबद्दल मुस्लिम गायिकेविरुद्ध फतवा’ असा झाला. आता फतवा म्हणजे काय, हे या देशातल्या वाहिन्यांना कुणीतरी एकदा शिकवायला हवं. कुणी मुसलमान आपल्याला पडलेला प्रश्न मुफ्तीला विचारतो, मुफ्ती त्यावर धर्मशास्त्राच्या आधाराने आपलं मत देतात, ते मत म्हणजे फतवा. तो बंधनकारक हुकूम नसतो आणि विचारणाऱ्याने दुसऱ्या मुफ्तीकडे जायलाही मनाई नाही. कुणी माइक तोंडासमोर धरला म्हणून दिलेली प्रतिक्रिया ही प्रतिक्रियाच. पण ‘एका मौलानांची प्रतिक्रिया’ या मथळ्यावर रात्री नऊची चर्चा होत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो मला मौलानांना विचारावासा वाटतो. हीच फरमानी त्याआधी दोन-तीन वर्षं प्रेमाची, विरहाची, लग्नाची फिल्मी गाणी गात होती. लाखो लोक ऐकत होते. तेव्हा तौबा का आठवली नाही? गाणं हराम असेल तर ते पहिल्या दिवसापासून हराम. शंकराचं नाव आल्यावरच ते हराम होत असेल, तर हरकत गाण्याला नाही, दुसऱ्याच कशाला तरी आहे, आणि मग ती तशी मोकळेपणाने सांगावी. एकटी बाई आजारी मूल घेऊन माहेरी येते, तेव्हा तिच्या दवाखान्याच्या खर्चाची चौकशी करायलाही शास्त्रात जागा आहे. जकात कुणाला द्यावी याची यादी कुराणातच आहे. फरमानीनेही तेव्हा हेच बोलून दाखवलं होतं की ती अडचणीत असताना विचारायला कुणी आलं नाही. कलावंताला धर्म नसतो, असंही ती म्हणाली. ते दुसरं वाक्य सगळ्यांनी छापलं. पहिलं मला जास्त खरं वाटतं.

गाणं जायज की नाजायज हा वाद आपल्याकडे हजार वर्षं जुना आहे आणि तो एका ब्लॉगमध्ये मिटणार नाही. इमाम गझालींनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये समाअवर, म्हणजे भक्तीच्या गाणं ऐकण्यावर, एक स्वतंत्र भाग लिहिला आणि कधी चालेल, कधी नाही याची बारीक चर्चा केली. चिश्ती बुजुर्गांनी वेळ, जागा आणि सोबतीला कोण बसलंय या अटी घातल्या. ज्यांना हे मान्य नाही अशा आलिमांचीही मोठी परंपरा आहे. माझ्या घरात दोन्ही मतांची माणसं आहेत आणि एका ताटात जेवतात. मला खटकतं ते इतकंच की आपला हा जुना, गुंतागुंतीचा वाद बाहेर जाताना नेहमी एखाद्या बाईच्या अंगावरून जातो. पुरुष कव्वालांच्या पार्ट्या उरुसाला रात्रभर गातात. त्यांच्या गावचे मौलाना त्यांना तौबा करायला सांगत असतीलही, पण ते वाहिनीवर दिसत नाही.

आता दुसरी बाजू. मौलानांना उत्तर द्यायचं म्हणून आपल्यातले पुरोगामी लगेच यादी घेऊन उभे राहिले. ‘बैजू बावरा’तलं भजन लिहिलं शकील बदायुनींनी, चाल नौशादांची, गायलं महंमद रफींनी, तिघेही मुसलमान. ही यादी मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. १९५२च्या एका सिनेमाच्या जिवावर आपण सत्तर वर्षं चांगुलपणाचा दाखला मिळवतो आहोत, आणि दर वेळी तो रेशनकार्डासारखा पुन्हा खिडकीवर दाखवावा लागतो. यादीतली माणसं थोरच होती, पण ती आपल्या कामात थोर होती. समोर आलेला प्रसंग त्यांना मिळाला, तो त्यांनी चोख बजावला. आपण हिंदूंचे शत्रू नाही हे सिद्ध करायला ते स्टुडिओत गेले नव्हते.

फरमानीची खरी वंशावळ काढायचीच असेल तर मला वेगळी काढावीशी वाटते, आणि ती मुंबईच्या स्टुडिओतून जात नाही. मुझफ्फरनगरच्या शेजारीच कैराना आहे. २०११मध्ये वेगळा जिल्हा होईपर्यंत ते मुझफ्फरनगर जिल्ह्यातच होतं. हेच ते गाव, ज्याच्यावरून किराणा घराण्याला नाव मिळालं. तिथले अब्दुल करीम खाँसाहेब फिरत फिरत आपल्या मिरजेला आले आणि इथलेच झाले. मराठी नाट्यपदं त्यांनी ध्वनिमुद्रित केली. १९३७मध्ये ते गेले, तेव्हा त्यांना मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात दफन केलं. आजही तिथल्या उरुसात संगीतसभा होते आणि महाराष्ट्रभरचे गवई हजेरी लावायला जातात. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. म्हणजे आषाढीला घराघरात जी अभंगवाणी लागते, तिच्या गळ्याचा एक धागा त्याच मातीतून आलेला आहे. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर. कुलीन बाईने लोकांसमोर बसून मैफल करावी, हे महाराष्ट्राच्या पचनी पाडण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आणि भक्तीच्या गाण्याचंच म्हणाल, तर बारामतीजवळच्या माळेगावच्या जैतुनबी आयुष्यभर कीर्तन करत, आपली दिंडी घेऊन वारीला जात. वारकऱ्यांनी त्यांना महाराज म्हटलं. मला वाटतं, त्यांना कुणी ‘गंगाजमनी’ वगैरे म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या.

कौतुक करणाऱ्यांचा मुद्दा अजून राहिला. ‘हर हर शंभू’ गायल्यावर फरमानीचं ज्यांनी डोक्यावर घेऊन कौतुक केलं, त्यांतल्या किती जणांनी तिचं आधीचं एक तरी गाणं ऐकलं होतं? व्हिडिओखालच्या हजारो शेऱ्यांत आवाजाबद्दल, तालाबद्दल, एखाद्या जागेबद्दल बोलणारे शेरे शोधावे लागत होते. बाकी सगळं तिच्या नावाबद्दल. बघा, ही शहाणी मुसलमान. बघा, ही मूळ घरी परतली. तिचं कौतुक म्हणजे बाकीच्यांना दिलेली चपराक होती. असल्या कौतुकात गाणाऱ्याला काही मिळत नाही. ते ज्या कारणासाठी दिलेलं असतं, ते कारण संपलं की परत घेतलं जातं.

आणि ते किती एकतर्फी आहे, हे त्याच वर्षी, त्याच राज्यात दिसलं. डिसेंबर २०२२मध्ये बरेली जिल्ह्यातल्या फरीदपूरच्या सरकारी शाळेत मुलांनी इक्बालची ‘बच्चे की दुआ’ म्हटली, म्हणून तिथल्या शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. १९०२मध्ये लिहिलेली ही प्रार्थना. गरिबांच्या बाजूने उभं राहू दे, ज्ञानाची आवड दे, असं मागणं मागणारी. उपखंडातल्या उर्दू शाळांच्या कितीतरी पिढ्या ती म्हणत मोठ्या झाल्या. मीही त्यातलीच. जुलैत मुसलमान बाईने शंकराचं गाणं म्हटलं तर कलेला धर्म नसतो, आणि डिसेंबरात मुलांनी इक्बालची दुआ म्हटली तर पोलीस ठाणं. दोन्ही बातम्या मी त्याच खुर्चीवर बसून वाचल्या. शिक्षकखोलीत त्या दुसऱ्या बातमीनंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. एकीने उठून परिपाठाची वही काढली आणि आमच्याकडच्या प्रार्थनांची यादी वाचून पाहिली, एवढंच.

या सगळ्या गलक्यात एक माणूस असा होता, ज्याच्याकडे बोलण्यासारखं खरंच काही होतं. ‘हर हर शंभू’ हे गाणं फरमानीचं नव्हतंच. ते जीतू शर्मा आणि ओडिशाची तरुण गायिका अभिलिप्सा पंडा यांचं. काही महिन्यांपूर्वीच त्यांनी ते काढलं होतं. त्यात जुने संस्कृत श्लोक आहेत, पण चाल आणि बांधणी नवी. ऑगस्टमध्ये जीतू शर्मांनी हक्क सांगितला आणि फरमानीचा व्हिडिओ यूट्यूबवरून उतरला. मौलानांना जे जमलं नाही ते एका अर्जाने झालं. अभिलिप्साही कुणी मोठी प्रस्थापित गायिका नव्हती. तीही छोट्या गावातून आलेली, पहिल्यांदाच लोकांना माहीत होत असलेली मुलगी. तिच्या पहिल्या मोठ्या गाण्याची बातमी देशभर झाली ती दुसरीच्या नावाने, आणि तीही धर्माच्या भांडणातून.

मला फरमानीच्या बाजूने खूप काही म्हणायचं आहे, पण इथे ती बाजू लंगडी आहे. कायदा स्पष्ट आहे. पूर्वी आपल्याकडे मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याच्या आवाजात काढता यायचं. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने या सवलतीवर कॅसेटचा केवढा धंदा उभा केला, हे माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. रफी, मुकेश, लता यांची गाणी वेगळ्या आवाजांत, अर्ध्या किमतीत. सोनू निगमची ‘रफी की यादें’ही त्यातलीच. आमच्या घरात अस्सल रफी फार उशिरा आले, आधी नक्कल आली. २०१२मध्ये कायदा बदलला. आता मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, आधी नोटीस द्यावी लागते, वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. तोवर गायचं असेल तर मालकाची परवानगी. मोबाइलवर गाणं काढणाऱ्या खेड्यातल्या पोरांना यातलं काय ठाऊक असणार? ठाऊक नसणं समजू शकतं. पण ज्यांना सगळं ठाऊक असतं, ते वाहिन्यांचे संपादक, त्यांनीही आठवडाभर एकदा विचारलं नाही की बाई, हे गाणं मूळ कुणाचं? सगळे विचारत होते, ही मुलगी कुणाची?

गंमत अशी की हा प्रश्न विचारणं आपल्या दोन्ही परंपरांना नवीन नाही. कायद्याच्या कितीतरी आधी आपल्या कवींनी त्याची व्यवस्था गाण्याच्या आतच करून ठेवली आहे. गझलच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपलं तखल्लुस गुंफतो. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. साडेतीनशे वर्षं तुकोबांचा अभंग लाखो गळ्यांतून गेला, कुणी हौशीने गायला, कुणी पोटासाठी गायला, पण तुक्याचं नाव गाळून अभंग पुरा करता येत नाही. मुशायऱ्यात दुसऱ्याचा शेर वाचायचा असेल तर आधी नाव घेतात. दुसऱ्याच्या ओळीवर आपल्या ओळी रचल्या तर त्याला तज़मीन म्हणतात, आणि मूळ ओळ कुणाची हे लपवत नाहीत. लपवलं तर त्याला सरका म्हणतात. सरका म्हणजे चोरी. आता याच परंपरेतले आपले नातख्वान फिल्मी गाण्यांच्या चालींवर नात म्हणतात आणि संगीतकाराचं नाव कधी घेत नाहीत, हाही एक मुद्दा आहे. तो काढला की माझ्याशी दोन दिवस कुणी बोलत नाही.

नाव न घेतल्याने काय होतं, ते राणू मंडल यांच्या बाबतीत दिसलं. २०१९मध्ये पश्चिम बंगालमधल्या राणाघाट स्टेशनवर गाणाऱ्या या बाईंचा व्हिडिओ देशभर फिरला. गाणं होतं ‘एक प्यार का नग्मा है’. हिमेश रेशमियाने त्यांच्याकडून सिनेमासाठी गाऊन घेतलं. लता मंगेशकरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की आपल्या गाण्याने कुणाचं भलं होत असेल तर आनंदच आहे, पण नकलेवर फार काळ विसंबून राहता येत नाही. लोक त्यांच्यावरही तुटून पडले. म्हातारपणी एवढा मनाचा कोतेपणा कशाला, म्हणाले. आणि दोन-तीन महिन्यांत तेच लोक राणूबाईंच्या मेकअपच्या फोटोंवर हसत होते. फलाटावर फाटक्या साडीत होत्या तोवर देवीचा आवाज, पावडर लावली की विनोद. गरिबाने गरीब दिसत गावं, ही अट कुणी लिहून दिलेली नव्हती, पण ती मोडल्याबरोबर शिक्षा झाली. फरमानीलाही अशीच एक अट होती. तिने तिला नेमून दिलेलीच गाणी गावीत.

पण मी सांगत होते ते त्या गाण्याच्या कवीबद्दल. ‘एक प्यार का नग्मा है’ हे १९७२च्या ‘शोर’मधलं, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या चालीचं गाणं लिहिलं संतोष आनंद यांनी. २०१९मध्ये ते गाणं पुन्हा एकदा देशाच्या प्रत्येक मोबाइलमध्ये वाजत होतं. फेब्रुवारी २०२१मध्ये त्याच ‘इंडियन आयडॉल’च्या मंचावर, जिथून फरमानी परतली होती, संतोष आनंद चाकाच्या खुर्चीवर आले आणि आपल्या हलाखीबद्दल बोलले. परीक्षक नेहा कक्करने त्यांना तिथल्या तिथे ५ लाख रुपये देऊ केले. टीव्हीसमोर लोक रडले. आमच्याकडेही रडले. ज्याच्या ओळी कोट्यवधी लोकांनी एकमेकांना पाठवल्या, त्या माणसाला त्याच ओळींच्या देशात भेट म्हणून पैसे घ्यावे लागतात, याचं रडू वेगळं होतं का, मला सांगता येणार नाही.

म्हणून मी आमच्या शाळेत एक नियम केला आहे. शाळा उर्दू माध्यमाची, मी तिथे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. जो कुणी गाईल किंवा कविता म्हणेल, त्याने आधी कवीचं नाव सांगायचं, चाल दिलेली असेल तर चाल देणाऱ्याचं, आणि आपण कुणाचं ऐकून शिकलो त्याचंही. पोरांना सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटलं. आता ती घाईघाईने, रेल्वेच्या घोषणेसारखी नावं म्हणून टाकतात. चालतं.

नववीत एक मुलगी होती. आवाज असा की वर्ग गप्प व्हायचा. ग्रंथपालांच्या टेबलावर बोटांनी ताल धरून ती जनाबाई म्हणायची आणि लगेच गझलवर यायची. स्नेहसंमेलनात ती गाणार हे ठरलं आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. रिक्षा चालवतात. मला वाटलं, आता धर्मावरून वाद होणार. मी गझालींची पानं मनात उघडून बसले होते.

ते म्हणाले, “मॅडम, गाने दो उसको. मगर मोबाइल में नको.”

मी म्हटलं, “का हो? शाळेच्या पेजवर टाकणार होतो.”

“वो यूपी की लडकी का क्या हाल किए लोगां, देखे ना तुम? एक बाजू वाले गाली दिए, एक बाजू वाले गोद में लिए. गाना किसी ने सुना क्या? हमारी बच्ची का गाना लोगां सुनना, बस्स.”

माझ्याकडे गझालींची पानं होती, पण त्यांच्या मुद्द्यावर उत्तर नव्हतं. म्हणजे एक होतं. भीतीपोटी आवाज चार भिंतींत ठेवला तर उद्याची हिराबाई कुठून येणार, असं. ते मी त्यांना सांगितलंही. पण सांगताना जाणवलं की त्या पोरीच्या व्हिडिओखाली जे लिहिलं जाईल ते मी थांबवू शकणार नाही, वाचणार ती आणि तिचे अब्बा. फरमानीचा व्हिडिओ उतरला तरी तिच्या नावाखालचे शेरे कुणी उतरवले नाहीत.

मग तडजोड झाली. संमेलनाच्या दिवशी दाराशी दोन प्लास्टिकच्या टोपल्या ठेवल्या. आत जाणाऱ्याने मोबाइल टोपलीत टाकायचा. पालक कुरकुरले. एका मामांनी दोन मोबाइल आणले होते, त्यातला एक टाकला. आमच्या शिपाईमावशींनी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं आणि दुसराही घेतला. मुलगी स्टेजवर आली, ओढणी सारखी केली, आणि माइक तोंडापासून लांब धरून कवयित्रीचं नाव, चाल देणाऱ्याचं नाव, आणि “मेरी नानी से सुनी” असं एका दमात म्हणून टाकलं. तिची नानी तिसऱ्या रांगेत होती. तिने शेजारणीला कोपराने डिवचलं, आणि गाणं सुरू झालं.